तलवारीची पाटी कोरायच्या आत

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
१८ सप्टेंबर २००५

ती. गुरुनाथदादास,

श्रूजबरीहून नरेंद्रचा वाकून नमस्कार. (वाकताना डावा गुडघा कुरकुरतो, तेव्हा जितका वाकलो तितका गोड मानून घे.) इकडे आम्ही सर्व ठीक. गणपतीचं काल बादलीत विसर्जन झालं. तळ्यात करायला टाऊनची परवानगी लागते आणि ती काढायची आठवण मला दर वर्षी अनंत चतुर्दशीच्या सकाळी होते. सुवर्णाने मोदक केले, इशिताने त्यातले दोन मायक्रोवेव्हमध्ये फोडले, आणि आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्यापासून आमच्या घरात चहा पुन्हा पातेल्यात व्हायला लागला आहे. तिची तब्येत उत्तम आहे, ते तुला या पत्राच्या शेवटी कळेलच. प्रतिमावहिनींची पाठ कशी आहे ते कळव. तुझी ब्लडप्रेशरची गोळी आज घ्यायची राहिली असली तर आधी ती घे, मग पुढे वाच.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा फोन माजघरात आहे आणि त्यावर बोललेलं ओसरीपर्यंत ऐकू जातं, आणि ओसरीवर मामा बसतात. ईमेल केली असती तर ती ऋषी उघडतो, सायबर कॅफेतून प्रिंट काढतो आणि घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला वाचून दाखवतो, हे मागच्या खेपेला माझ्या मूळव्याधीच्या बाबतीत सिद्ध झालं आहे. (चिरंजीव गुणी आहेत, माझी तक्रार नाही. पण गावच्या सरपंचांनी मला त्रिफळा चूर्ण सुचवावं, हे जरा जास्त झालं.) म्हणून कुरियरने पाठवतोय. पाकिटावर 'फक्त गुरुनाथ' असं ठळक लिहिलंय, त्याचा काही उपयोग होईल अशी आशा नाही.

तुझ्या पत्रात दोन कामं होती. दसऱ्याला गावच्या वाचनालयात आपल्या घराण्याची तलवार काचेच्या पेटीत बसणार, तिच्याखाली संगमरवरी पाटी लागणार, पाटीवर 'सरदार खंडोजीबाबांनी पानिपतच्या रणातून परत आणलेली तलवार' असं कोरलं जाणार आणि पडदा आमदारसाहेब ओढणार. तर पहिलं काम म्हणजे, ही तलवार अस्सल मराठेशाहीतली असल्याचं अमेरिकेतल्या तज्ज्ञाचं प्रमाणपत्र, इंग्रजीत, लेटरहेडवर. (गावात माझ्या शब्दाला वजन नाही, इथल्या कागदाला आहे, हे तू मोकळेपणाने लिहिलंस. राग नाही.) दुसरं काम भाऊमामांचं. म्हणजे तुझ्या वडिलांचं. हल्ली तू त्यांचा उल्लेख 'आमचे घरचे विरोधी पक्षनेते' असा करतोस म्हणून खुलासा केला. ते समारंभाला येणार नाही म्हणून अडून बसलेत, कारण सांगत नाहीत, ताटसुद्धा खोलीत मागवतात, तर मी त्यांना समजवावं. पंच्याऐंशी वर्षांचा घरातला कर्ता माणूस मानाच्या खुर्चीवर नसला तर लोक काय म्हणतील, या काळजीने तुला झोप नाही. पाटीवाला घटस्थापनेला कोरायला घेणार आहे. हे पत्र त्याच्या आत तुझ्या हातात पडायला हवं, एवढं एकच माझ्या डोक्यात आहे. का, ते सांगतो.

मामांचं काम सोपं वाटलं म्हणून आधी केलं. फोन लावला. मामांनी हवापाण्याची चौकशी केली, इथे चहा कुठला मिळतो ते विचारलं. (ते जगात कुणालाही हेच विचारतात. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या पुरवठा खात्यात चहा-साखर सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेली, त्याचा हा परिणाम.) मग म्हणाले, पाटीवर काय लिहिणार ते नीट वाचून दाखव. मी दाखवलं. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचलं. शेवटी 'बरं, झोप आता' म्हणून त्यांनी फोन ठेवला. इथे सकाळ होती, मी ऑफिसला निघालो होतो. तर माझं समजावणं हे असं झालं. मला त्यात नवल वाटलं नाही, कारण या तलवारीशी मामांचं पहिल्यापासून वाकडं आहे. खंडेनवमीला ती भिंतीवरून खाली उतरली की त्यांना नेमकं मळ्यात काम निघतं आणि पूजा आटोपली की ते परत येतात. सैन्यात जाऊन आले, नास्तिक झाले, असंच आपण सगळे म्हणत आलो.

मग प्रमाणपत्राकडे वळलो. तू पाठवलेले फोटो इशिताने स्कॅन करून दिले. (फोटो बघून तिचं एकच वाक्य, 'बाबा, धिस डझन्ट लुक मराठा.' तिला पुरणपोळी आणि पराठा यातला फरक समजावताना माझी वर्षं गेली, म्हणून मी दुर्लक्ष केलं.) जुन्या तलवारींचं वेड लागलेली जगभरातली माणसं इंटरनेटवर एके ठिकाणी जमतात, त्याला फोरम म्हणतात. आपला मारुतीचा पारच तो, फक्त तंबाखू नाही. तिथे मी फोटो टाकले आणि नम्रपणे लिहिलं की ही आमच्या घराण्याची पानिपतच्या लढाईतली तलवार, कृपया प्रमाणित करावी. नाश्ता होईपर्यंत उत्तरांचा ढीग. एकानेही पानिपत म्हटलेलं नव्हतं. सगळे उत्तर आफ्रिका म्हणत होते, आणि उत्तर आफ्रिकेत नेमकी कुठली यावरून एकमेकांच्या उरावर बसले होते.

दादा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. का होऊ नये? या तलवारीवर मी लहानाचा मोठा झालो. ऑफिसात आमच्या डेटाबेस सर्व्हरला मी 'खंडोजी' नाव दिलंय. (तो दर शुक्रवारी पडतो, पण ते वेगळं.) मी बाह्या सरसावून उत्तर लिहिलं. हात वाचवायला मुठीपुढे जी परज असते ती या तलवारीला नाही, कारण ती पानिपतावर तुटली, असं लिहिलं. हे आपल्याला आबांनी सांगितलं होतं आणि आपले आजोबा खोटं बोलत नसत. मुठीच्या टोकाला कान असलेलं जनावराचं डोकं आहे तो सिंह, असं लिहिलं. त्यावर एकाने तो कुत्रा असल्याचं कळवलं आणि दुसऱ्याने उंट. शेवटी मी हुकमाचा एक्का टाकला. पात्यावर पितळेची नक्षी ठोकून बसवली आहे ना, तिच्या खाचांत तांबडं काहीतरी घट्ट बसलंय. तुझ्या निमंत्रणपत्रिकेत 'आजही पात्यावर शत्रूच्या रक्ताच्या खुणा दिसतात' असं वाक्य आहे, ते मी जसंच्या तसं इंग्रजीत करून टाकलं. एकाने हसरा चेहरा काढून लिहिलं की इतकं जुनं रक्त तांबडं राहत नाही. पण बेल्जियमच्या एका गृहस्थांनी त्या तांबड्यावर झडपच घातली. त्यांच्या मते ही झाडाच्या चिकाची लाख. अल्जीरियाच्या डोंगरातल्या एखाद्या ठरावीक खोऱ्यातले लोहारच खाचा अशा भरत असावेत, असा नमुना आजवर कुणाच्या पाहण्यात नाही, आणि यावरून त्या प्रदेशातल्या तलवारींची नवी विभागणी करावी लागेल! त्यांनी नकाशाही जोडला. त्यावर आपल्या तलवारीच्या खोऱ्याला लाल गोल होता.

या गदारोळात एकच माणूस शांतपणे लिहीत होता. वॉल्टर त्याचं नाव, निवृत्त दंतवैद्य, राहायला वूस्टरला, म्हणजे माझ्या घरापासून तळं ओलांडलं की पलीकडे. फोटो घेऊन घरीच या म्हणाला. दहा तारखेला, शनिवारी गेलो. (सुवर्णा म्हणाली, गॅरेज आवरायचं ठरलं होतं. ते अजून ठरलेलंच आहे.) वॉल्टर तलवारीकडे दातासारखा बघतो; आधी मूळ, मग कड, मग आत काय भरलंय ते. त्याने जेवणाच्या टेबलावर तलवारी मांडल्या आणि माझी शिकवणी घेतली. मोरोक्कोची असली तर मुठीपुढे लोखंडाची बोटं बाहेर झुकलेली असतात आणि एक पट्टी आपल्या बोटांवरून खाली येते. सुदानची सरळसोट, मुठीशी फुली. वाळवंटातल्या लोकांची रुंद पात्याची, चामड्याच्या म्यानात. आणि अल्जीरियाच्या डोंगरात कबाइल म्हणून लोक राहतात, त्यांच्या तलवारीला परज नसते. तुटलेली नसते, दादा, मुळातच नसते. मूठ पितळेच्या पत्र्याने मढवलेली, टोकाला जनावराचं डोकं, पातं एकधारी, मध्ये बारीक होऊन पुन्हा पोट सुटल्यासारखं रुंद होणारं, शेवटी दाभणासारखं टोक, आणि अंगभर पितळेचे त्रिकोण. मी म्हटलं, हे सगळं योगायोगाने मराठी लोहारालाही सुचू शकतं. वॉल्टर बरं म्हणाला, आत गेला आणि आपली तलवार घेऊन आला.

आपली म्हणजे आपलीच! क्षणभर मला वाटलं की तू मला न सांगता कुरियर केलीस. तेच डोकं, तेच कान, तीच त्रिकोणांची रांग. फरक एवढाच, की तिच्या खाचा स्वच्छ होत्या, तांबडं काही नव्हतं. ती त्याला शेजाऱ्याकडून मिळालेली. शेजारी महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर अल्जीरियात होता आणि त्याने ती तिथल्या बाजारात सिगारेटी देऊन घेतली. त्या युद्धात तिकडे गेलेल्या पुष्कळ सैनिकांनी अशा तलवारी घरी नेल्या, वॉल्टर म्हणाला. मग त्याने विचारलं, तुमच्या घरातलं कुणी होतं का हो त्या सुमाराला तिकडे? मी म्हटलं, छे, आमचे मामा होते सैन्यात, पण ते चहा सांभाळायचे.

(हे वाक्य मी बोललो तेव्हा मला त्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं. मी तीनशे माणसांच्या कंपनीत सीनियर ॲनालिस्ट आहे.)

घरी आलो आणि सुवर्णापुढे तावातावाने सगळं ओकलो. इंग्रजांनी नेलं ते नेलं, आता हे लोक आपलं पानिपतही आफ्रिकेला देऊन मोकळे झाले, वगैरे. फोटो टेबलावर पसरले होते. समोर आई कोथिंबीर निवडत बसली होती. ती आल्यापासून हा विषय मी तिच्यासमोर काढला नव्हता, कारण माहेरच्या तलवारीवर कुणी शंका घेतली हे ऐकून तिला वाईट वाटेल असं मला वाटलं. तिने हात पुसले, चष्मा लावला, एक फोटो उचलला आणि हसायला लागली. तिचं हसणं तुला माहीत आहे, आवाज नाही, नुसते खांदे. म्हणाली, 'अगं बाई, हे मांजर अजून आहे होय!' सिंह नव्हे, कुत्रा नव्हे, उंटही नव्हे. लहानपणी, म्हणजे लग्नाआधी, त्या डोक्याला ती मांजर म्हणायची. मी तिला रक्ताच्या खुणा दाखवल्या. ती म्हणाली, 'रक्त कसलं डोंबलाचं, कुंकू आहे ते. करडईच्या तेलात कालवून आधी मी लावायचे, मग माझी वहिनी, आता प्रतिमा लावते.' दर खंडेनवमीला नवं लावायचं, जुनं पुसायचं नाही, कारण देवाचं. बेल्जियमच्या गृहस्थांचं ते दुर्मिळ खोरं तुझ्या देवघराच्या कोनाड्यात आहे.

मी विचारलं, म्हणजे तुझ्याआधी कुणीच लावलं नाही? पानिपत होऊन दोन शतकं होत आली होती, तोवर काय ती बिनकुंकवाची होती? तेव्हा तिचं हसणं थांबलं. मग तिने सांगितलं. भाऊमामा लढाईवरून परत आले तेव्हा आई शाळेत होती. वळकटी सोडली तशी आतून कांबळ्यात गुंडाळलेली ही तलवार निघाली. ट्यूनिसच्या बाजारात एका म्हाताऱ्याकडून मामांनी ती स्वतःच्या वाटणीचा चहा देऊन घेतली होती. म्हाताऱ्याने आधी चहाची पुडी नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि मग तलवार खुंटीवरून काढून दिली. हे मामांनी तिला इतक्यांदा सांगितलं होतं की तिला त्या म्हाताऱ्याची दाढीसुद्धा पाठ आहे. नक्षीचं लाकडी म्यानही होतं. ते पुढे माळ्याच्या झडपेला टेकू म्हणून गेलं. (वर जाऊन बघ. मी लहानपणी त्या टेकूवर पेन्सिलीने माझं नाव लिहिलं होतं. पुरातत्त्वाची केवढी ही हानी!)

मग आबांनी पानिपत का सांगितलं, आणि मामा इतकी वर्षं मूग गिळून का बसले, हे मी विचारलं. तिने कोथिंबीर पुन्हा पुढ्यात ओढली. 'बोललेलं भाऊने ऐकून घेतलं, दगडावर कोरलेलं त्याला बघवायचं नाही,' एवढंच म्हणाली. बाकीचं गुरुनाथला सांगायचं आहे, तुझ्या पत्रात मला खाली जागा ठेव, म्हणाली. ती ठेवली आहे.

तर दादा, ही हकिगत. यातून काय घ्यायचं ते तू ठरव, मी परदेशात बसून मत देणार नाही. खंडोजीबाबा पानिपतला गेले असतील, लढले असतील, त्यांचीही एखादी तलवार असेलच. ही नव्हे, एवढंच. तुझी पंचाईत मला दिसते. पत्रिका छापून झाल्या, आमदारांचा होकार आला, मांडववाला ठरला, आणि आता कुणी येऊन म्हणतंय की पेटीत ट्यूनिसच्या बाजारातलं मांजर आहे. वहिनींना नमस्कार, ऋषीला (तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे) आशीर्वाद. आमच्यावर लोभ आहेच, या पत्रानंतरही उरला तर तो जपून ठेव.

तुझा,
नरेंद्र

ता. क. तू मागितलेलं प्रमाणपत्र सोबत आहे. इंग्रजीत आहे, सही आहे, लेटरहेडही आहे. (दवाखान्याचं आहे, वर दाढेचं चित्र आहे, त्याला इलाज नाही.) वॉल्टरला मी दुसऱ्या दिवशी फोन करून सगळं सांगितलं. त्यावरून त्याने लिहिलंय की तलवार अल्जीरियाच्या कबाइल भागातली, एकोणिसाव्या शतकातली, नक्षीकाम उत्तम. तांबडा भराव महाराष्ट्रातला, घरगुती, विसाव्या शतकातला. असा दुसरा नमुना ज्ञात नाही, कृपया पुसू नये.

ता. क. २ बेल्जियमच्या गृहस्थांना मी अजून काही कळवलेलं नाही. कुंकू म्हणजे काय हे लिहायला बसलो होतो, दोन पानं झाली, ते सौभाग्यापाशी येऊन अडलं.

ता. क. ३ मत देणार नाही असं वर लिहिलं, ते खोटं. पाटीवाल्याला आजच्या आज थांबव. समारंभ कर, पेटी कर, आमदारांनाही बोलाव, फक्त पाटीवर मामांचं नाव घाल आणि खाली ट्यूनिस घाल. आणि या खंडेनवमीला त्यांना मळ्यात जाऊ देऊ नकोस. तलवार भिंतीवरून त्यांनाच काढू दे, पूजेला त्यांनाच बसव. त्यांनी काही सांगायला सुरुवात केली तर मध्ये बोलू नकोस, दादा. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, हे मागतोय. आता आईला जागा देतो.

चि. गुरुनाथ यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

नरेंद्र फार पाल्हाळ लावतो. मी थोडक्यात लिहिते. मला बघायला आले तेव्हा नरेंद्रच्या आजोबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, नजर भिंतीवर गेली. त्यांचं देशमुखी घर, त्यांना घराणं हवं होतं. त्यांनी विचारलं, तलवार कुणाची. आमचे आबा पटकन बोलून गेले, खंडोजीबाबांची, पानिपतची. भाऊ समोरच पाहुण्यांना चहा देत होता. त्याने तोंड उघडलं. मी दाराआड उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. तेव्हाच्या तेव्हा लग्न ठरलं. रात्री आबांनी त्याला माझ्या गळ्याची शपथ घातली, पोरीच्या सासरी कळता कामा नये म्हणून. शपथ घालणारे गेले, सासू-सासरे गेले, नरेंद्रचे बाबाही गेले. त्या शपथेतून त्याला सोडवायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

भाऊला खोलीत जाऊन हे वाचून दाखव. मोठ्याने वाच, त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. म्हणावं, प्रभाने सांगितलंय, आता बोल. माझं लग्न मोडत नाही.